निळी टोपी
कपाट आवरताना निळी टोपी हाती लागली आणि तळोज्याच्या कारखान्यातला साबणाचा वास तिला अजून येतो का, म्हणून मी ती नाकाला लावलीच बघा. पॅकिंगच्या बायकांना पांढरी टोपी, निळी फक्त सुपरवायझरला. मला ती नुकतीच मिळालेली, म्हणून मैत्रिणी "मॅडम, पाणी प्यायला जाऊ का?" असं चिडवायच्या. एका दुपारी पाळणाघरातून फोन आला, लेकीला ताप भरलाय. इकडे साहेबांनी बजावलेलं, माल भरेपर्यंत लाईन सोडली तर टोपी परत द्यायची. मी रडकुंडीला आले. तेव्हा सगळ्यांत टवाळ, खाडीकाठच्या गावातली मावशी म्हणाली, "आन ती टोपी इकडं. सायबाला केबिनच्या काचंतून टोपीच दिसते, तोंड नाय दिसत. जा गो तू!" संध्याकाळपर्यंत ती केबिनकडे पाठ करून उभी राहिली आणि माल वेळेत गेला. दुसऱ्या दिवशी टोपी परत देताना म्हणाली, "लय गरम होतं गो हिच्यात, कशी घालतेस?" आता लेक स्वतः मॅनेजर झालीय, सारखं टेन्शन टेन्शन करते. तिला मी एवढंच म्हणते, तुझ्या ऑफिसातही अशी एक मावशी असू दे गं बाई.