अंगणात थांबलेली कानबाई

अक्का, अमळनेर स्टेशनवर मडमचं लेकरू कडेवर घेऊन मी डब्यात चढले, तेव्हा आई रडली नाही. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "घाबरू नको वं माय. भूक लागनी का सांगत जाय." तिसरीतच शाळा सुटलेली मी. भूक लागली हे मडमच्या भाषेत कसं सांगतात, तेही ठाऊक नव्हतं.

इथे विलायतेत पोटाला कधी कमी पडलं नाही, हे आधी सांगते. पहिल्या थंडीत तापानं फणफणले, तेव्हा मडम स्वतः उशाशी बसून होती. तिचे उपकार फिटायचे नाहीत. भीती आहे ती तिच्या चित्राची.

रंगांची पेटी घेऊन ती आपल्या गावात राहायला आली, तेव्हा तिला सगळंच गोड वाटे, शेणाचा वाससुद्धा. श्रावणातल्या रविवारी बसवलेली नारळाची कानबाई सोमवारी आई डोक्यावर चौरंगासकट घेऊन नदीवर बोळवायला निघाली, तर मडमनं तिला अंगणातच थांबवलं. ऊन हवं तसं पडलंय म्हणे. डफ थांबला, बायका ताटकळल्या. काकू म्हणाली, "कानबाई आते इलायतले नांदाले जाई." सगळ्या हसल्या. आई नाही हसली. "एक रातनी पाहुनी शे ती, तिले रोकू नही," एवढं पुटपुटली.

खरी कानबाई त्या दिवशी पाण्यात गेली. चित्रातली राहिली. मडमनं चित्रात गिरणीचं धुराडं घेतलं नाही, दादाची सायकलही नाही. आई मात्र डोक्यावर ओझं घेऊन अजून इथल्या भिंतीवर उभी आहे.

आता लढाई लागली. बॉम्बची विमानं आल्याचा भोंगा वाजला की आम्ही तळघरात धावतो, आणि मनात येतं, बोळवण न झालेली देवी घरात आहे. भीत भीत मडमला सांगितलं. ती म्हणाली, "चित्र तुझं. नदीत सोड."

अंदाजानं श्रावण धरून नदीवर गेले. चित्र पाण्यावर धरलं आणि हात सुटेना. आई जाऊनही दोन वर्षं झाली. तिचा फोटो आपल्यात कुणाकडे नाही. कानबाई सोडायची तर आईही बुडणार.

शेवटी ओंजळभर पाणी कानबाईवर सोडलं. "जाय माय, पुढला साल येजो," म्हटलं, आणि चित्र पुसत पुसत परत आणलं. ती गेली की नाही, कुणाला विचारू?

भोंगा अजून वाजतो. मी चित्र भिंतीवरून उतरवून सोबत खाली नेते. त्याच्या पाठीवर कोळशानं धुराडं काढलंय, सायकलही. वाकडीच आलीत. अंधारात मांडीवर मावेल एवढंच आता माझं माहेर.