रिकामी परत गेलेली भांडी

सासूबाईंना सिंगापूरला आणायचं ठरलं तेव्हा कामांची वाटणी झाली. तिथे राहायचा पास, विमा आणि तिकिटं नवऱ्याकडे. आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमधली तिसरी खोली रिकामी करणं मुलीकडे, कारण तिथला पसारा तिचाच होता. इंग्लंडमधलं घर आवरणं माझ्याकडे. मी याद्या करणारी बाई आहे. सिंगापुरातच बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेची खरेदी आणि सामानाचा साठा मी सांभाळते, त्यामुळे वस्तू मोजायला, बांधायला आणि पाठवायला मी घाबरत नाही. ऑगस्टमध्ये महिनाभराची रजा घेतली आणि गेले.

सासरे डॉक्टर होते. तरुणपणी ते त्या खेड्यात दवाखाना चालवायला आले, तिथेच निवृत्त झाले आणि काही वर्षांपूर्वी तिथेच गेले. नवरा त्याच घरात वाढला. सासूबाई एकट्या राहायला लागल्या तरी सगळं ठीक चाललं होतं. मग या वसंतात शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर, कुंपण ओलांडायच्या लाकडी पायरीवरून त्या पडल्या आणि मनगट मोडलं. नवऱ्याने धसका घेतला. तुआसला कामावर जाता-येता तो रोज फोन करून तेच तेच बोलत राहिला आणि शेवटी एक दिवस त्या म्हणाल्या, "बरं, येते मी तिकडे." म्हणजे घर विकायचं. मी पोचल्यावर तिसऱ्या सोमवारी दलाल फोटो काढायला येणार होता. त्याच्याबरोबर कागदांवर सह्या झाल्या की मागे फिरायचा प्रश्न उरणार नव्हता.

मी त्या घरी याआधीही गेले होते, पण पाहुणी म्हणून, नाताळात, चार-पाच दिवस. उन्हाळ्यात कधी राहिले नव्हते. खेडं म्हणजे एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी घरं, मधे हिरवळीचा तुकडा आणि बदकांचं तळं. चर्चचा मनोरा बुटका आणि जाड. रस्ता इतका अरुंद की समोरून गाडी आली की ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचं, आणि दुसऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानायचे. हॉर्न मी महिनाभरात ऐकला नाही. दुकान कधीच बंद झालेलं. तालुक्याच्या गावी जाणारी बस आठवड्यातून दोनदा हिरवळीपाशी थांबते. तेवढ्यात डोळ्यांची तपासणी, केस, बँक, सगळं उरकायचं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट शेत दिसतं, वर चढत गेलेलं, आणि त्याच्या माथ्यावर झाडांची एक ओळ. आमच्या बाराव्या मजल्यावरून समोरचा ब्लॉक आणि एमआरटी रेल्वेचा पूल दिसतो. त्याची मला सवय आहे आणि तक्रारही नाही. पण इथे भांडी घासताना माझा हात मधेच थांबायचा. सकाळी शेतावर दव पांढरं दिसायचं, दुपारपर्यंत त्याचा रंग दोनदा बदलायचा. रात्री नऊपर्यंत उजेड असल्याने झोपेचं वेळापत्रक कोलमडलं, म्हणून जेवणानंतर मी पायवाटांवर फिरायला लागले. फाटक उघडं सापडलं तर उघडं ठेवायचं, बंद सापडलं तर बंद करायचं, हा नियम सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला. खाजकुयलीसारखं एक झाड कडेने उगवतं, त्याला हात लावू नये, हे त्यांनी सांगायच्या आधी मला कळलं.

ऑगस्टमध्ये त्या गावात भाजी अंगावर येते. प्रत्येकाच्या परसात हिरवा लांब भोपळा, घेवड्यासारख्या शेंगा आणि प्लम एकाच वेळी तयार होतात आणि कोणालाच एवढं संपवता येत नाही. सकाळी दार उघडलं की पायरीवर काहीतरी असायचंच. कधी काचेच्या भांड्यात सफरचंदाचा भाजलेला गोड पदार्थ, कधी बरणीत जॅम, कधी नुसत्या शेंगा. समोरच्या घरात कोंबड्या पाळणारी बाई राहते, सासूबाईंच्याच वयाची, तिच्याकडून अंडी. सासूबाईंनी त्या भोपळ्याची थालीपिठं केली, शेंगांची खोबरं घालून भाजी केली. रूबार्ब नावाचे आंबट लाल दांडे असतात, त्यांचं त्या लोणचं घालतात. चांगलं लागतं. आमच्या मुलीने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आज्जी, इथे येताना लोणचं आण, कपडे नको लाह."

मी आवरायला घेतलं. स्वयंपाकघर सगळ्यात जास्त वेळ खातं हा माझा अनुभव, म्हणून ते आधी. कढया, पोळपाट, मसाल्यांचे डबे, मिक्सर खोक्यांत गेले. दोन पातेली आणि चार ताटल्या बाहेर ठेवल्या. तेव्हा कपाटाच्या खालच्या फळीवर दुसऱ्यांची भांडी निघाली. काचेची, चिनी मातीची, एक पत्र्याचा केकचा डबा, बऱ्याच बरण्या. कुठलं कुणाचं हे सासूबाईंना तोंडपाठ होतं. "यांचं त्यांना द्यायला हवं," त्या म्हणाल्या आणि पुढचं कपाट उघडलं.

बसच्या दिवशी त्या डोळे तपासायला गेल्या. मी भांडी घासून, पुसून बागेतल्या एकचाकी ढकलगाडीत घातली, मधे टॉवेल कोंबले आणि रस्त्याला लागले. आता, भांडं रिकामं परत करू नये हे मला कोणी शिकवायला नको. माझी आई शेजारणीची वाटी परत करताना काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. पण मसाले खोक्यात, साखर संपवत आणलेली, आणि हे इंग्रज लोक. त्यांना याचं काय, असा विचार मी केला आणि तो मला तेव्हा अगदी बरोबर वाटला. सिंगापूरच्या आमच्या मजल्यावर डबे रिकामेच परत येतात, आणि कोणाचं काही बिघडत नाही.

प्रत्येक दारात एकच गोष्ट घडली. माणूस हसून भांडं घ्यायचा, आत बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या मंडळींतले एक म्हातारे आहेत. सासूबाई पडल्या तेव्हा कुत्र्याला फिरवताना त्यांनीच त्यांना पाहिलं होतं. त्यांनी केकच्या डब्याचं झाकण उघडलं, लावलं, आणि "अच्छा" एवढंच म्हणाले. मला वाटलं, कमी बोलणारी माणसं आहेत. दुपारच्या आत गाडी रिकामी झाली आणि मी समाधानाने घरी येऊन यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली.

चारच्या बसला मी सासूबाईंना घ्यायला गेले. हिरवळीवरच्या बाकाशी समोरची शेजारीण आधीच उभी होती, हातात तिचं निळं काचेचं भांडं. मी हाय म्हटलं. ती म्हणाली की ती माझ्यासाठी नाही थांबलेली.

सासूबाई बसमधून उतरल्या. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे उन्हाला हात आडवा धरून बघत होत्या. शेजारणीने भांडं पुढे केलं. त्यांचं बोलणं इंग्रजीत झालं, पण चाळीस वर्षांच्या ओळखीचं होतं, म्हणून मला ते असंच ऐकू आलं:

"म्हणजे तू निघालीस."

"कोणी सांगितलं?"

"हे रिकामं आलं."

सासूबाईंनी भांड्यात हात घालून पाहिला, जणू दिसत नसेल म्हणून. मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "सगळ्यांनाच असं दिलंस?"

"सगळ्यांना."

त्या बाकावर बसल्या. शेजारीण सांगत होती की सकाळपासून तिच्याकडे चार जण विचारायला येऊन गेले. सासऱ्यांचा दवाखाना होता तेव्हापासून त्या घरातून कधी रिकामं भांडं आलं नाही, सासरे गेले त्या आठवड्यातसुद्धा नाही, तेव्हा लोकांनी समजायचं काय. तिचा आवाज चढला नव्हता, पण भांडं तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. "मला तू स्वतः सांगायला हवं होतंस," ती म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "मी सांगितलं नाही, कारण मी ठरवलेलं नाही."

हे मला नवीन होतं. अर्धं घर खोक्यांत होतं.

घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि सरळ विचारलं. आई, तुम्ही हो म्हणाला होतात ना? त्या म्हणाल्या, हो म्हणाले. तो फोनवर रडवेला झाला होता, मग काय म्हणणार. तिकडे येऊन त्या काय करतील याचा विचारही त्यांनी केला होता. आम्ही दोघं कामावर, नात शाळेत, खाली उतरलं तर सगळं आहे, पण ओळखीचं कोणी नाही. इथे पडल्या तर कोणीतरी बघतं. मी म्हटलं, तेच तर कारण आहे, प्रत्येक वेळी कोणी बघेलच असं नाही. त्या म्हणाल्या, "तू तिलाच विचार."

मी रस्ता ओलांडून शेजारणीकडे गेले. ती कोंबड्यांना आत कोंडत होती. तिने सांगितलं की सासरे गेल्यापासून दोघींचा नियम आहे. सकाळी सात वाजता सासूबाईंचा पुढचा पडदा उघडतो. साडेसातपर्यंत उघडला नाही तर ती किल्ली घेऊन येते. ही पडद्याची आणि किल्लीची गोष्ट आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हती, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आम्ही फक्त कशी आहेस विचारायचो. मी बाकीचेही प्रश्न विचारले: रात्री फोन कोण उचलेल, बर्फ पडल्यावर रस्ता कोण साफ करतं, डॉक्टरकडे कोण नेतं. तिने सगळ्यांची उत्तरं दिली. सासूबाईंच्या घरातल्या दोन गोष्टी मात्र मला खटकत राहिल्या. जिन्याला एकाच बाजूला कठडा होता आणि बाथरूममध्ये धरायला काही नव्हतं. ती कामं माणूस बोलावून होण्यासारखी होती.

परत आले तर सासूबाईंनी चाकूने पहिलं खोकं फाडलं होतं आणि कढई बाहेर काढली होती. बटाटे उकडत होते. मला म्हणाल्या, जा, भांडी परत घेऊन ये, भरून देऊ. मी म्हटलं, सकाळी दिलेली भांडी संध्याकाळी कशी मागायची? "माझं नाव सांग," त्या म्हणाल्या.

पुन्हा गाडी ढकलत मी घरोघर गेले. माझ्या आयुष्यात इतका वेड्यासारखा फेरा मी मारला नसेल. घंटावाले म्हातारे मला बघून हसले आणि थांबा म्हणाले. डबा आणून दिला, तर आत प्लम. पुढच्या घरी बरणीत मध. कोणीच भांडं रिकामं देईना. गाडी सकाळपेक्षा जड झाली आणि चढावर मला दोनदा थांबावं लागलं. वरच्या शेतात त्याच दिवशी गवत कापलं होतं, आणि सगळ्या रस्त्यावर त्याचा वास होता.

बटाटेवडे करायला वेळ लागला. सासूबाईंचं मनगट अजून नीट वळत नाही, म्हणून त्या गोळे करत होत्या आणि मी तळत होते. मधेच त्या म्हणाल्या की जानेवारीत त्या येतील, थंडी संपेपर्यंत, पण पाहुणी म्हणून. घर विकायचं नाही. आणि हे मुलाला मी सांगायचं, कारण त्यांनी सांगितलं तर तो पुन्हा रडवेला होईल आणि त्या पुन्हा हो म्हणतील.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. तिकडे दुपार होती, तो कॅन्टीनमध्ये जेवत होता. मी मुद्दे लिहून ठेवले होते, ते वाचून दाखवले. पडदा, किल्ली, कठडा, बाथरूम, जानेवारी. तो म्हणाला, ठरलं होतं ना आपलं. मी म्हटलं, आपलं ठरलं होतं. तो पुन्हा पडण्याबद्दल बोलला. मी म्हटलं, त्या आपल्याकडेही पडू शकतात, दिवसभर घरी कोणी नसताना, आणि शेजारच्यांना त्यांचं नावही माहीत नसेल. मागे कोणीतरी ट्रे रचत होतं, तो आवाज येत राहिला.

मग त्याने विचारलं, "वरच्या शेतातलं गवत कापलं का?"

"काल कापलं," मी म्हटलं. "वाळलं की मोठे गुंडाळे करतील."

"लहानपणी आम्ही त्यांच्यावर चढायचो. शेतकरी ओरडायचा." मग म्हणाला, "दलालाला मी फोन करतो. तू कठड्याचं बघ."