सोसायटीचं पाणी

मी गाव सोडलं त्या दिवशी आई मला एसटीपर्यंत सोडायला आली नाही. ती विहिरीवर होती. त्या दुष्काळात टँकर यायचा, विहिरीत रिता व्हायचा आणि अख्खं गाव दोर-बादल्या घेऊन काठावर तुटून पडायचं. शिरूर कासारची गाडी सकाळी नऊची आणि टँकरही नेमका नऊचा. कपड्यांची पिशवी, वाळवलेल्या गवारीचं गाठोडं आणि येसराचा डबा घेऊन मी विहिरीपाशी गेले. पाया पडायला वाकले तर आईच्या हातात दोर होता आणि खाली भरलेली बादली लोंबत होती. तिला धड माझ्याकडं वळताही येईना.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. जा, गाडी चुकल," ती म्हणाली. "मी हल्ले तर माझा नंबर जाईल."

मी सतरा वर्षांची होते. पुण्याला मावशीकडं राहून कॉलेज करायचं ठरलं होतं आणि आईनं माझ्यापेक्षा बादली जवळची केली, एवढंच मला त्या वेळी कळलं. गाडीत बसून मी रडले नाही, रागानं खिडकीबाहेर बघत राहिले. तो राग बरीच वर्षं पुरला.

गावात राहिलेल्या तुम्हा मैत्रिणींना हे नव्यानं सांगायला नको. पण माझ्यासारखे निघून आलेले आता विसरल्यासारखं करतात, म्हणून लिहिते. आमच्याकडं अंघोळ बाजेवर बसून व्हायची. बाजेखाली घमेलं. त्यात पडलेल्या पाण्यात कपडे निघायचे आणि कपड्यांचं पाणी दारातल्या लिंबाला. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, पाणी लावायचंच नाही. वडिलांच्या गळ्यात माळ, त्यामुळं घरात अंडंसुद्धा येत नसे, आणि उन्हाळ्यात भाजीही येत नसे. मग वाळवलेली मेथी, वाळवलेली गवार, सांडगे, हुलग्याचे शेंगोळे. काहीच नसलं की येसर, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की आमटी झाली. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची आणि कोथिंबिरीची काडीसुद्धा टाकलेली मी पाहिली नाही.

गावात सोसायटी एकच होती, दुधाची. सोसायटीचा काटा, सोसायटीचे कॅन, सोसायटीच्या पडवीतली सावली. सोसायटीचं म्हणजे सगळ्यांचं, त्यावर कुणी कुणाला हटकत नसे. दुष्काळात सोसायटीनं सभासदांच्या जनावरांसाठी एक हौद बांधला आणि कुठून कुठून पाणी आणून त्यात सोडलं. ते सोसायटीचं पाणी. होतं जनावरांसाठी, पण बाया त्यातली कळशी-दोन कळशा घरी न्यायच्या आणि सचिव मान फिरवायचा. आई त्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसला की वरचं पाणी फडक्यातून गाळायची आणि स्वतः ते प्यायची. विहिरीचं पाणी वडिलांना, दत्ताला आणि मला. दत्ता माझा धाकटा भाऊ. आईला तेच पाणी आवडतं असं मला वाटायचं. खरंच वाटायचं, लाज वाटते पण लिहून टाकते.

आता मी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. नवरा अविनाश आणि आठ वर्षांची मुलगी जुई. इथंही सोसायटी आहे, सहकारी गृहनिर्माण संस्था, आणि तिच्या पर्यावरण समितीची प्रमुख मी. बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करते, भांड्यांना रिठा वापरते, प्लास्टिकची पिशवी घरात येऊ देत नाही, कलिंगडाच्या पांढऱ्या सालीची भाजी करते. बाया शिकायला येतात. मी 'शून्य कचरा, शाकाहारी स्वयंपाकघर' अशा नावानं क्लबहाउसमध्ये बोलते आणि लोक टाळ्या वाजवतात. हे सगळं कुठं शिकलात, असं विचारलं की मी म्हणायचे, आईकडून. बाजेचं मात्र कधी सांगितलं नाही, अविनाशलासुद्धा नाही.

वडील गेले. दत्ता आणि त्याची बायको दर दिवाळीनंतर कोयत्यावर जातात, ऊस तोडायला, ते उन्हाळा लागल्यावरच परततात. गेल्या वर्षी पाऊस इतका ओढला की म्हैसही विकून टाकली आणि आई घरात एकटी उरली. मी हट्टानं तिला इकडं घेऊन आले. ती आपली कळशी घेऊनच आली.

पहिल्याच आठवड्यात तिनं माझं भाषण ऐकलं, मागच्या खुर्चीत बसून. घरी आल्यावर पदर तोंडाला लावून हसत होती. "आमी गरीब व्हतो म्हणून करीत व्हतो. तुमी लई हुशार हाय बाबा, टाळ्या घेता," म्हणाली. मला ते लागलं. पण मीही हसले.

मार्चमध्ये सोसायटीची बोअर आटली आणि टँकर सुरू झाले. समितीची सूचना मी लिहिली आणि घरात मोठ्यानं वाचूनही दाखवली: एक एक थेंब महत्त्वाचा आहे, पिण्याचं पाणी जपून वापरा. आई मेथी निवडत होती. मी तिला खिडकीतून खालचा प्रकल्प दाखवला. म्हटलं, आपल्या इथं सांडपाणी साफ करून पुन्हा वापरतात, बाग त्यावरच जगते.

"म्हंजी सोसायटीचं पाणी," ती म्हणाली.

"हो, सोसायटीचंच," मी अभिमानानं म्हणाले.

बागेच्या नळावर पाटी आहे, पिऊ नये म्हणून. ती मीच करवून घेतलेली, हिरव्या पत्र्यावर, छान वळणदार इंग्रजी अक्षरांत. आई चौथी शिकलेली. मराठी ती बोट ठेवून वाचते.

एप्रिलच्या सुरुवातीला तिचं पोट बिघडलं. आधी तिनं सांगितलंच नाही. चेहरा उतरलेला दिसला म्हणून विचारलं तर म्हणाली, उन्हाचं हाय. दुसऱ्या दिवशी उलट्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी म्हटलं, फिल्टरचं. आई माझ्या शेजारी बसली होती, काही बोलली नाही. माझा शब्द डॉक्टरांपुढं खाली पडू नये म्हणून, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी गोळ्या घेऊन निघाले.

घरी आल्यावर अविनाश माझ्यावर उखडला. "तुझे ते प्रयोग बंद कर आता. सालींच्या भाज्या, आंबवलेल्या बरण्या. म्हाताऱ्या माणसाला सोसतं का?" मलाही तीच भीती होती. मी मोडाची कडधान्यं फेकली, सालींच्या बरण्या ओतून दिल्या, रिठ्यानं घासलेली सगळी भांडी पुन्हा साबणानं धुतली. टँकरचं पाणी भसाभसा जात होतं आणि मी बघत होते. आई आतून म्हणाली, "नळ बंद कर गं." तिच्या आवाजात जीव नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठू शकली नाही. ओठ सुकलेले, डोळे खोल. दवाखान्यात न्यायचं म्हणून तिचं लुगडं शोधायला मी बाल्कनीत गेले आणि वॉशिंग मशीनच्या मागं मला कळशी दिसली. तोंडाला फडकं बांधलेलं. सोडून पाहिलं तर अर्धी भरलेली आणि तळाशी तुरटीचा खडा. पाण्याला बारीकसा उग्र वास. तो वास मला चांगला माहीत होता, सोसायटीच्या पाहुण्यांना प्रकल्प दाखवायला मीच तर नेते.

कळशी घेऊन मी तिच्यापुढं बसले.

"हे पाणी कुठलं?"

"बागंतलं. सोसायटीचं."

"कधीपासून पितीस?"

"टँकर लागले तवापासून."

"कावून पण?" मी म्हणाले. पुण्यात आल्यापासून 'का'ऐवजी हा गावाकडचा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता.

तिला माझ्या रागाचं नवल वाटलेलं दिसलं. "तूच म्हणलीस ना, थेंब थेंब जपा. पोरगी लहान हाय, जावई दिसभर बाहेर ऱ्हातेत. तुमाला चांगलं पाणी पुरलं पाह्यजे. मी तुरटी फिरवून गाळून घेते की. मला म्हातारीला काय व्हतंय?"

दवाखान्यात दुपारपर्यंत सलाइनच्या दोन बाटल्या गेल्या. डॉक्टरीण तरुण होती, गोड बोलण्यात वेळ घालवणारी नव्हती. म्हणाली, अंगातलं पाणी फार कमी झालंय, मूत्रपिंडांवर ताण आलाय. उलटी थांबलीय तर तोंडानं घोट घोट पाणी देत राहा, संध्याकाळपर्यंत लघवी झाली पाहिजे. नाहीतर मोठ्या दवाखान्यात हलवू, कदाचित मशीनवर रक्त साफ करावं लागेल. म्हणजे आता सगळं आईनं पाणी पिण्यावर होतं, आणि आई पीत नव्हती.

दोन घोट घ्यायची आणि पेला बाजूला करायची. "ठिव, तुला व्हईल." पुन्हा दिला की पुन्हा तेच. एकदा तर अर्धा पेला माझ्याच तोंडाला लावायला निघाली, "उन्हाची फिरायलीस, पी" म्हणून. घड्याळात तीन वाजत आले होते. नर्स दर अर्ध्या तासानं येऊन लघवीची रिकामी पिशवी बघून जात होती.

मी ओरडले. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली तरी ओरडले. "मला नको आहे. जुईला नको आहे. कुणाला उरवायचं नाही. हे तुझं पाणी आहे, तुझ्या एकटीचं. मरायचंय का तुला पाणी वाचवून?"

आईनं मान छताकडं वळवली. मग म्हणाली, "मी कवा कुणाला पाणी मागितलं न्हाई, शाले. समदे पिऊन झाले की उरंल ते प्यायचं. आता तू समोर बसून पाजायलीस तर मला गिळवना. लाज वाटती."

लाज. साठ वर्षं पाणी वाहिलेल्या बाईला ते पिताना लाज वाटत होती. माझी सगळी भाषणं मला त्या खाटेजवळ आठवली. आमच्या घरात काही वाया जायचं नाही हे मी लोकांना सांगत फिरले. ते कुणाच्या घशातून वाचायचं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. राखेची भांडी, बाजेखालचं घमेलं, दोडक्याच्या शिरा यात आम्ही सगळे होतो. तहानेत मात्र ती एकटी होती. आणि मी तिची ती सवय इथं आणून, तिला छान नाव देऊन, पाटीवर इंग्रजीत लिहून पुन्हा तिच्याच गळ्यात घातली होती.

मी खुर्ची फिरवली आणि तिच्याकडं पाठ करून बसले. "मी बघत नाही. पी तू," म्हटलं. मागं पेला वाजला. थांबला. पुन्हा वाजला. मी भिंतीकडं बघत पेला भरायला हात मागं करायचे आणि ती रिकामा पेला माझ्या हातात द्यायची. असे किती झाले मोजले नाहीत.

पाचच्या सुमाराला नर्स पिशवी बघून म्हणाली, "झाली बरं का." लघवी झाल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता, जुईच्या जन्माच्या वेळीसुद्धा नाही. मी अविनाशला फोन केला आणि नुसतीच रडले, त्यामुळं बिचारा घाबरून रिक्षानं धावत आला.

घरी आल्यावर आधी पाटी बदलली. मराठीत, ठसठशीत, पिवळ्या अक्षरांत. समितीत एकानं विचारलं, आपल्या इथं इंग्रजी कुणाला येत नाही? मी म्हटलं, माझ्या आईला. खत, रिठा, सालींची भाजी मी सोडली नाही, सोडणारही नाही, ते माझ्या हाडात आहे. पण आता बोलायला उभी राहते तेव्हा आधी बाजेचं सांगते, मग तुरटीचं सांगते, आणि बायांना विचारते की तुमच्या घरात शेवटी कोण पितं. टाळ्या कमी पडतात.

मे महिन्यात दत्ता कारखान्यावरून परतला आणि आईला न्यायला आला. मला तिला पाठवायची भीती वाटत होती. तिकडं अजून टँकरच चालू होता. हिच्याकडं पाठ करून कोण बसणार होतं? तुम्ही मला फोनवर विचारता, आता तुझं घर कुठलं, इकडचं का तिकडचं. वर्षानुवर्षं मी गोड काहीतरी सांगत आले. खरं सांगायचं तर दोन्हीकडं आईला मागायची सोय नव्हती, म्हणजे घर दोन्हीकडं अर्धंच होतं. इकडचं मी नीट करत होते. तिकडचं माझ्या हातात नव्हतं.

दत्ता हॉलमध्ये पाय पसरून बसला होता, उन्हानं काळवंडलेला, सहा महिन्यांचा शिणलेला. त्याला चहा देऊन मी आईची पिशवी भरत होते. आई भिंतीला टेकून बसली होती.

"दत्ता," ती म्हणाली, "पाणी आण बरं मला. भरून आण."

दत्तानं बशी खाली ठेवली. आधी माझ्याकडं पाहिलं, कारण असं काही त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. मी उठले नाही. मग तो उठला, माझ्या स्वयंपाकघरात गेला आणि पेला सापडेना म्हणून दोन-तीन कपाटं उघडून आपटली. काठोकाठ भरलेला पेला सांभाळत आला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. ती त्याच्यादेखत प्यायली, सावकाश, तळापर्यंत. मग रिकामा पेला त्याच्या हातात दिला.

"आजून आण," म्हणाली.