पापण्यांनी वेचायचं मीठ

कोपरीचा दौलतदादा सरळ रुंद रस्त्यावरूनही बांधावरून चालल्यासारखा चालायचा. एका पावलापुढे नेमकं दुसरं पाऊल, हात किंचित फाकलेले, नजर खाली. ठाण्याच्या बाजारात तो असा आला की नवखा माणूस दोन्ही बाजूंना पाहून घ्यायचा, गटारबिटार आहे की काय! गटार नसे. दौलतदादाच्या चार पिढ्या खाडीकाठच्या मिठागरात गेल्या होत्या आणि त्याचे पाय अजून तिथेच होते.

मिठागर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाडीचं पाणी आत घ्यायचं, चौकोनी वाफ्यांत कोंडायचं आणि उन्हात सुकवायचं. दोन वाफ्यांच्या मध्ये वीतभर रुंदीचा चिखलाचा बांध. चालायचं ते या बांधावरून. पाय घसरून वाफ्यात पडला तर तयार होत आलेलं मीठ नासतं, म्हणून आगरातलं पोर चालायला लागतं तेच मुळी शिव्या खात खात, बांधावरून.

आता आट्यापाट्यांचा खेळ डोळ्यांपुढे आणा. जमिनीवर आडव्या नऊ पाट्या, म्हणजे अरुंद पट्टे, आखायचे. प्रत्येक पाटीवर एकेक गडी उभा, त्यानं पाटी सोडायची नाही. समोरच्या नऊ जणांनी त्याच्या हाताला न लागता दोन पाट्यांमधला एकेक चौक ओलांडत शेवटपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. परत आलेला 'लोण!' म्हणून ओरडला की डाव जिंकला. हात लागला तर गडी मेला. म्हणजे बाजूला बसून इतरांना सल्ले द्यायला मोकळा.

दौलतदादाला एके दिवशी आगरात उभ्याउभ्या दिसलं की आपण आयुष्यभर आट्यापाट्यांच्या मैदानातच राबतोय. नऊ बांध त्यानं मोजले आणि नऊ बांधांवर नऊ पोरं उभी केली. त्यांत एक त्याचा स्वतःचा विठ्ठल. काम आटोपलं की रोज संध्याकाळी ही पोरं बांधावरून अशी सुसाट धावत की खाडीवरचे बगळे मान वळवून बघत. चार वर्षं हे चाललं. अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास ठाण्यात पाटी धरावी तर कोपरीच्या पोरांनी, असं लोक म्हणू लागले.

त्याच सुमारास कचेरीतल्या मंडळींनी 'ठाणे देशी खेळ उत्तेजक मंडळी' काढली. तेव्हा कशालाही उत्तेजन द्यायला मंडळी निघत. या मंडळीत उत्तेजन देणारे पंचवीस आणि खेळणारे नऊ होते. ते नऊही दौलतदादाचे. अध्यक्ष होते कोर्टातले नाझर परशुरामपंत. त्यांनी जन्मात कधी पाटीवर पाय ठेवला नव्हता, पण खेळाबद्दल ते बोलायला लागले की ऐकणाराच दमून खाली बसे.

दर शिमग्याला ठाणे आणि कल्याण यांचा सामना होई. जिंकणाऱ्याला मानाची ढोलकी मिळे. सलग दोन वर्षं ती कल्याणकरांनी नेली, आणि नुसती नेली नाही, ठाणे स्टेशनात गाडी येईपर्यंत वाजवत बसले. दुसऱ्या वर्षी गाडी दीड तास उशिरा आली. त्या दीड तासाचा पंतांच्या मनावर फार परिणाम झाला.

"अनुभव पाहिजे, दौलत, अनुभव!" पंत म्हणाले. "यंदा घाटावरून नऊ कसलेले गडी आणतोय. तुझी पोरं पाणी वाटतील."

"पंत, पोरां चार वर्सां धावतात."

"धावतात रे, पण जिंकत नाहीत. घोडीसुद्धा धावतात."

दौलतदादाला मानाचं पागोटं नको होतं, ढोलकीही नको होती. कचेरीतल्या सगळ्या लोकांसमोर, भर मैदानात, आपली पोरं एकदा तरी 'लोण' म्हणत परत येताना बघायची, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि आता ती मडकी घेऊन फिरणार! तो जायला निघाला आणि दारातून परत वळला.

"एक डाव खेलून बघा त्यांच्यासंगती. हरलो तर पानी वाटू. चांगला गार वाटू."

पंतांना हे आवडलं. शिमग्याला दहा दिवस असताना पाहुणे गडी गाडीतून उतरले. त्यांचा म्होरक्या मारुती, चाळिशीचा, रुंद छातीचा. त्याच्या पेटीत तीन गावांचे तीन फेटे होते आणि ज्या गावाकडून खेळायचं त्या गावचा फेटा तो बांधायचा. गेल्या वर्षी तो पेणकडून खेळला होता, त्याआधी नाशिककडून. ठाण्याचा फेटा अजून तयार नव्हता म्हणून बिचारा बोडक्या डोक्याने आला होता.

चाचणीचा डाव सुरू झाला. पाटीवर पोरं, चौकात पाहुणे. पोरं अशी काही सरकू लागली की पाहुण्यांना चौथी पाटी दिसेना. नऊच्या नऊ अनुभव मेले. उत्तेजन देणारे पंचवीसजण एकमेकांकडे पाहू लागले.

मग डाव उलटला. पाटीवर पाहुणे, चौकात पोरं. आणि इथे दोन्ही शिमग्यांना झालं तेच अजब परत झालं. पहिल्या पाटीला हुलकावणी देऊन विठ्ठल सुटला खरा, पण चौकात पाय टाकायची वेळ आली तशी त्याचा पाय हवेतच थांबला. मांजर ओल्या अंगणात उतरतं तसं त्यानं बोट टेकलं, उचललं, परत टेकलं. तेवढ्यात पाठीत थाप बसली. दुसऱ्या पोराचं तेच, तिसऱ्याचंही तेच. तिसऱ्या पाटीच्या आत सगळी पोरं खलास.

"मडकी घासायला घ्या," पंत म्हणाले.

मारुती मात्र डोकं खाजवत दौलतदादाजवळ आला. "उस्ताद, राग मानू नका. तुमची पोरं पाटीवर वाघ हाईत. पण चौकात त्यांच्या पायाला काय हुतं? भुईवर निखारं हाईत का?"

दौलतदादा तोच विचार करत घरी आला आणि जेवायला बसला. त्याची बायको आवडाबाई वाढत होती. बोलता बोलता तिच्या हातून मिठाचे चार खडे भुईवर पडले. इतक्यात विठ्ठल बाहेरून आला. त्यानं खाली पाहिलंही नाही, पण त्याचा पाय त्या खड्यांच्या वर अधांतरी थांबला आणि पुढे जाऊन पडला.

दौलतदादाचा घास हातातच राहिला.

"इठ्ठल्या, मागं जा. परत ये."

विठ्ठल परत आला आणि परत तेच झालं. दौलतदादा हसायला लागला, मग हसायचा थांबला. पोरांच्या पायांना प्रत्येक चौक हा मिठाचा वाफा वाटत होता. बांधावर धावायला त्यानंच शिकवलं होतं आणि वाफ्यात पाय पडला तर कान पिळायलाही तोच होता. चार वर्षं तो एका हाताने शिकवत आणि दुसऱ्या हाताने पुसत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नऊ पोरांना स्वतःच्या वाफ्याशी उभं केलं. मीठ तयार झालेलं, उन्हात चमचमणारं, दोन दिवसांत ओढून गोळा करायचं.

"उतरा. तुडवा."

एकही पोर हलेना. एकाच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. मीठ म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर पाय? शेवटी दौलतदादाने कानाला हात लावले, खाडीकडे बघून नमस्कार केला आणि स्वतः वाफ्यात उतरला. कचकन आवाज झाला. त्या आवाजाने दूर झोपडीत आवडाबाई जागच्या जागी उभी राहिली म्हणतात. ती धावत आली तोवर दहाजण वाफ्यात नाचत होते.

"आवं, डोकां फिरला काय तुमचा? सांडलेला मीठ वरती गेल्यावर पापन्यांनी येचावा लागतो! ह्यो अख्खा वाफा कवा येचाल?"

"नऊ पोरां न् मी," दौलतदादा धापा टाकत म्हणाला. "वीस डोलं झालं. येचू."

"मना नाय त्यात धरायचं!" असं म्हणून ती बांधावर बसली. पण बसली ती उठेचना. थोड्या वेळाने तिथूनच ओरडू लागली, "इठ्ठल्या, टाच टेक मेल्या! आता नासलाच हाय तर नीट तुडव!"

मीठखात्याचा शिपाई आला. त्यानं बराच वेळ बघितलं. असा गुन्हा त्याला ठाऊक असलेल्या कुठल्याच कायद्यात बसेना, तेव्हा तोही बांधावर बसला.

तिसऱ्या दिवशी मारुती बघायला आला. घटकाभर पाहिलं, वहाणा काढल्या आणि वाफ्यात उतरून पोरांना हुलकावण्या शिकवू लागला. संध्याकाळी तो तसाच मिठाच्या पायांनी पंतांकडे गेला.

"नाझरसायेब, चौकात मी आन् माझं तीन गडी फिरू. पर दीसभर पाटीवर उभं ऱ्हायाचं म्हंजे माझं गुडघं बोलत्यात. मधल्या पाच पाट्या दौलतदादाच्या पोरांनीच धराव्या, कडंच्या चारांवर आमी कसंबी उभं ऱ्हाऊ. पाच पोरं घ्या."

"पण अनुभव?"

"त्योच सांगतुया, सायेब."

अनुभवी माणसानंच सांगितल्यावर पंतांचा इलाज चालेना. पाच पाहुणे मोकळे झाले. उरलेली चार पोरं सामन्याच्या दिवशी पाणी वाटायला राहिली. त्यांनी चांगलं गार वाटलं.

शिमग्याच्या दुपारी मैदानाभोवती सगळं ठाणं लोटलं. कल्याणकरांनी ढोलकी सोबत आणली होती, पण परत न्यायचीच आहे या समजुतीनं तिची दोरी खांद्यावरून उतरवली नव्हती. आमच्या पोरांनी पाटी अशी धरली की कल्याणचा एकही गडी परत आला नाही. मग आमची पाळी आली. मारुतीचे तिन्ही गडी कोंडीत सापडून मेले, पोरंही चार मेली. उरले मारुती आणि विठ्ठल. दोघं शेवटच्या पाटीपर्यंत पोचले आणि परत फिरले. दोन पाट्या राहिल्या असताना कल्याणच्या एका उंच गड्यानं मारुतीला गाठलं. मरता मरता मारुतीला जोर चढला आणि तो सवयीनं ओरडला, "भले पेणकर! सुटा!"

कल्याणचा गडी चपापला. पेणकर? हे कुठून आले? त्यानं मान वळवली. तेवढ्यात विठ्ठल चौकात उतरला. अख्खा तळवा, टाच, सगळं टेकवून. पाय हवेत थांबला नाही. पुढची पाटी, मग शेवटची.

"लोण!"

पुढचं काही ऐकू आलं नाही. पंत नाचले असं म्हणतात. ते स्वतः नाकबूल करत. ढोलकी कल्याणकराच्या खांद्यावरून दोरी कापूनच घ्यावी लागली. आणि दौलतदादा? तो मैदानाच्या कडेला उकिडवा बसून पोराच्या पावलांचे ठसे बघत होता. एकेका ठशावर बोट ठेवून म्हणत होता, "अख्खा पडला. ह्यो पन अख्खा."

मारुती ठाण्याचा फेटा पेटीत घालून पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी गेला. पोरं आणखी बरीच वर्षं पाटी धरत राहिली आणि त्यांच्या हाताखाली नवी पोरं आली. दौलतदादाने मात्र एक शिस्त घालून दिली होती: दर वर्षी नव्या पोरांना एकदा, त्याच्याच वाफ्यात, मीठ तुडवायचं.

म्हातारपणी त्याच्या पापण्या झडल्या. डोळे लाल, उघडेबोडके. आवडाबाईला तेवढंच निमित्त.

"बगा! आता कशानी येचाल वरती?"

दौलतदादा अंगणात आडव्या उभ्या रेघा मारणाऱ्या नातवंडांकडे बघत असे.

"माज्या पापन्या गेल्या तर गेल्या," तो म्हणे. "पोरां हायत ना. चिकार पापन्या हायत."

आणि उठून, एका पावलापुढे नेमकं दुसरं पाऊल ठेवत, खाडीच्या वाटेला लागे.