चाचांचा चाकू

"एकदा विचार करून बघा," असं म्हणताना चाचा उजवा हात छातीवर ठेवत आणि डावा खिशावर. त्या खिशात चाकू असतो, हे रियाधच्या ओलाया भागातल्या आमच्या मॉलच्या प्रत्येक सिक्युरिटीवाल्याला ठाऊक होतं, कारण चाचा स्वतःच ते सांगत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी विचारायच्या आत खरं सांगून मोकळी होतात आणि मग दाराबाहेरच अडकून राहतात.

चाचा रत्नागिरीकडचे. शहराच्या अल सुलै भागातल्या एका फळांच्या गोदामात कामाला होते. आमच्या ऑफिसात फळं तेच पोचवत, तिथली आमची ओळख. चाकू घडीचा, शिंगाच्या मुठीचा, सासऱ्यांनी लग्नात दिलेला. त्या चाकूने ते सफरचंदाची साल अखंड उतरवत. चाची व्हिजिट व्हिसावर रियाधला आल्या, तेव्हा दर शुक्रवारी दोघं या मॉलमध्ये येत. बाहेर उन्हात फिरणार कुठे? कारंज्याजवळच्या बाकावर चाचा सफरचंद सोलत आणि चाची ती लांबलचक साल बोटाभोवती गुंडाळत बसत. मध्येच तुटली तर विचारत, "आज मन कुठं आहे तुमचं?"

चाची परत गेल्या. पुढे पार्किंगमध्ये कुणाची तरी मारामारी झाली आणि मॉलच्या दारावर बोर्ड लागला. चाकूचं चित्र, त्यावर लाल फुली.

तेव्हापासून चाचांनी मॅनेजरची पाठ धरली. चाचींचा दुसरा व्हिसा व्हायचा होता आणि त्या यायच्या आत हा नियम हलायला हवा होता. दर शुक्रवारी ते मला आधाराला म्हणून बरोबर नेत आणि मला एक शब्दही बोलू देत नसत.

मॅनेजर केरळचा, भला माणूस. "चाचा, रूल सबके लिए है," तो म्हणे.

"जो बताता है उसको रोकते हो, साब. जो छुपाता है वो अंदर घूमता है. एक बार सोच के देखो."

मॅनेजर चहा मागवी. नियम जागचा हलत नसे.

शेवटी मीच वैतागलो. "चाचा, लपवून न्या ना. इथं झडती कोण घेतंय?"

"लपवून नेला की हात कापतो माझा."

"मग धार कमी करा."

"तसा नाय हो, भाऊ. थरथरतो. मग साल तुटते."

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गाडी काढली.

आणि त्याच शुक्रवारी मॅनेजर विरघळला. सिक्युरिटीवाल्याला बोलावून म्हणाला, "इनको आने दो. चाकू के साथ." चाचांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. बाहेर येताच आनंदाने घरी फोन लावला.

"तिचं हृदय बरं नाय," फोन ठेवून ते म्हणाले. "डॉक्टरनं विमानात बसू नको म्हणून सांगितलंय. केव्हाच सांगितलंय. माझ्यापासून लपवून ठेवलंन."

तरी आम्ही बाकावर जाऊन बसलो. चाचांनी सगळ्यांसमोर चाकू उघडला आणि सफरचंद सोलायला घेतलं. साल अर्ध्यावर तुटली. त्यांनी ती उचलून खिशात ठेवली.

महिन्याभरात नोकरी सोडून ते कायमचे गावी गेले. चाचींजवळ आहेत, हे चांगलंच झालं. पण शुक्रवारची संध्याकाळ आता मला खायला उठते. त्या बाकावर ते दोघं मला पुन्हा बघायचे आहेत, दुसरं काही नाही.

मॅनेजर नवा आला आहे, बोर्ड तोच आहे. परवा मी त्याच्या केबिनमध्ये शिरून चाकूच्या बोर्डाचा विषय काढला. "एक बार सोच के देखो," मी म्हणालो.

त्याने मला खालीवर पाहिलं. "आपके पास चाकू है?"

"नहीं."

"फिर?"

"एक चाचा हैं," मी म्हणालो. "चाची को लेकर आएंगे."

त्याने चहा मागवला.