चाकांपुढची लिंबं

माझा थोरला भाऊ ढोकीत आमच्या अंगणात मोटार बांधत होता. इंजिन सीटच्या मागं, पण मागच्या चाकांच्या पुढं हवं, हा त्याचा हट्ट. जीपचा गिअरबॉक्स तिथं मावेना, म्हणून त्यानं सोलापूरच्या भंगारातून एका परदेशी गाडीचा आणला. त्या गाडीचं इंजिन पार शेपटाला होतं, म्हणून दादानं गिअरबॉक्स उलटा फिरवून बसवला.

आईनं मोटारीची पूजा केली, चारी चाकांपुढं लिंबं ठेवली. दादानं पहिला गिअर टाकला आणि गाडी सपकन मागं गेली. लिंबं जागच्या जागी.

"देवीच्या मनात न्हाय," आई म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. बघायला जमलेले शेजारी पांगले.

मी आईशी कडाकडा भांडले. देवीचा काय संबंध? गिअरचा डबा उलटा बसवला, म्हणून चाकं उलटी फिरली! आतलं एक दातेरी चक्र काढून पलीकडच्या बाजूला बसवलं की झालं.

दादानं ते बसवलं. गाडी पुढं जाऊ लागली. पण लिंबं ठेवायला घरातनं कुणी उठेना. मी उठले, तर आईनं दंड घट्ट धरला.

खिडकीतून दिसलं, दादा खाली उतरला, चारी चाकांपुढं स्वतःच लिंबं ठेवली आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला.