हललेला समुद्र

गोरखच्या मुलीचा, प्रीतीचा, नांदेडहून फोन आला तेव्हा काट्यावर तुरीची गाडी उभी होती. ‘‘काका, पप्पा सकाळी गेले... चहा पिता पिता.’’ डाळमिलच्या वजनकाट्यावर मी इतकी वर्षं बसतो, पण त्या गाडीचा आकडा दोनदा वाचूनही डोक्यात राहिला नाही. शेवटी ड्रायव्हरलाच वाचायला सांगितलं.

गोरखचा लातूरला बसस्टँडमागे फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्रांचे फोटो, लग्नं, बारशी. दिवसभर एकच वाक्य: ‘‘हलू नका.’’ मीही गाडी पूर्ण थांबल्याशिवाय वजन धरत नाही. आमचं जमलं ते बहुधा त्यामुळेच. त्याची बायको गेल्यावर रविवारची संध्याकाळ तो माझ्याकडे काढायचा. अशाच एका रविवारी म्हणाला, ‘‘दत्ता, आयुष्यभर लोकांना गप बसवलं. आता हलणाऱ्याचा फोटो काढायचाय. समुद्राचा. सूर्य बुडताना लाटा दुधासारख्या दिसतात बघ, तसला.’’

‘‘तुला मी कधी सांगितलं होतं का, की मला मरायच्या आत समुद्र दाखव म्हणून?’’ मी म्हटलं.

‘‘तू चल फक्त. कॅमेऱ्याचा स्टँड धरायला माणूस लागतोय.’’

मग आम्ही गावाबाहेरच्या तलावावर सराव केला. बराच वेळ उघडझाप न करता कॅमेरा उघडा ठेवायचा, तेवढ्या वेळात पाणी हलतं आणि फोटोत मऊ होतं, असं ते तंत्र. तलावाचं पाणी हलेना. गोरख खडे टाकून हलवायचा आणि स्वतःवरच हसायचा.

गेल्या हिवाळ्यात एसटी बदलत बदलत आम्ही कोकणात पोचलो. मुक्काम दोन संध्याकाळींचा. पहिल्या संध्याकाळी त्याने ओल्या, सिमेंटसारख्या दिसणाऱ्या वाळूत स्टँड रोवला. प्रत्येक लाट परतताना पायांखालची थोडी वाळू घेऊन जात होती. स्टँड कणाकणाने खचत होता, ते आमच्या ध्यानातच आलं नाही. सगळे फोटो हलले. खोलीवर तो जेवला नाही. ‘‘सोड रे, परत येऊ,’’ म्हटलं, तर म्हणाला, ‘‘परत कोण येतंय दत्ता? एक तरी माझा स्वतःचा फोटो काढू दे. बाकी सगळे गिऱ्हाइकांचेच हायत.’’

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवाल्या बाईंकडून फरशीचे तीन तुकडे मागून आणले आणि स्टँडच्या पायांखाली घातले. काम झालं. सूर्य पाण्याला टेकला. गोरखने बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, जणू मी बोललो तरी फोटो हलेल. तेवढ्यात बाई मागून ओरडल्या, ‘‘ओ पाव्हणे, बॅग! भरती लागलीय!’’

बॅग आम्ही पाण्यापासून हातभर अंतरावर ठेवली होती. तलावाच्या काठावर ठेवायचो तशीच. आमच्याकडे पाणी जिथं असतं तिथंच राहतं. घटकाभरात ते चालत वर येईल हे दोघांच्याही मनात आलं नाही. लाटेने बॅग उचलली आणि मागे ओढत थेट कॅमेऱ्यासमोर नेली. गोरख चपलांसकट धावला. कमरेएवढ्या पाण्यात वाकला, पट्टा धरून क्षणभर तसाच उभा राहिला, मग बॅग छातीशी धरून आला. मी जागचा हललो नाही. कॅमेरा अजून उघडाच होता आणि स्टँडला धक्का लागू द्यायचा नाही, हे माझं काम होतं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाटा दुधासारख्या आल्या होत्या. सूर्य नेमका. मधोमध राखाडी धुराचा एक उभा पट्टा. गोरख ओल्या कपड्यांनी कुडकुडत बराच वेळ बघत राहिला.

‘‘सगळं बरोबर आलंय रे... मीच हललो.’’

तोवर सूर्य गेला होता. सकाळची एसटी होती. वाटेत तो म्हणाला, ‘‘पुढच्या हिवाळ्यात येऊ. बॅग तू धर.’’ मी हो म्हटलं. उन्हाळ्यात तो प्रीतीकडे नांदेडला राहायला गेला.

तेराव्याला नांदेडला गेलो. हार घातलेला फोटो ओळखपत्रावरचा मोठा केलेला होता; मान ताठ, डोळे वटारलेले. हजारोंचे चेहरे काढणाऱ्याचा स्वतःचा धड फोटो घरात सापडला नव्हता. प्रीती म्हणाली, ‘‘काका, कॅमेऱ्यात नुसता समुद्र आहे. सगळे हललेत. पुसून टाकू?’’ मी दुसऱ्या संध्याकाळचा तो एक मागून घेतला.

लातूरला आल्यावर तो मोठा करून बैठकीत लावला. आता रविवारी संध्याकाळी मी खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसतो. येणारेजाणारे विचारतात, कुठलं धुकं आहे हे? मी कोकणातलं म्हणतो. खरंच सांगायचं तर कुठून सुरुवात करायची, ते कळत नाही.

परवा दिवाळीची झाडलोट चालू होती. बायको स्टुलावर चढून काच पुसत होती. सगळी काच लख्ख झाली, तरी ती एकाच जागी पुन्हा पुन्हा फडकं घासत होती.

‘‘हा डाग काही निघत नाही हो.’’

‘‘राहू दे,’’ मी म्हटलं. ‘‘गोरख आहे तो.’’